सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय: वेळ घेणारा, पण घर न विकायला लावणारा दवाखाना

वर्धा जिल्ह्यात घरातले कोणी गंभीर आजारी पडले की नातेवाइकांमध्ये सर्वांत आधी चर्चा होते ती ‘सेवाग्राम की सावंगी’ याची. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत, दोन्ही वर्धा शहरापासून काही किलोमीटरवर आहेत, आणि दोन्हींचे कट्टर समर्थक आपापल्या अनुभवाच्या जोरावर तावातावाने भांडू शकतात. त्यातही भागले नाही, तर मग नागपूरची ‘मेडिकल’, ‘मेयो’ ही सरकारी रुग्णालये किंवा अलीकडे झालेले एम्स. आमच्या घराण्याची निष्ठा सेवाग्रामला आहे. वडिलांचा दमा, आत्याचा मोतीबिंदू आणि भाचीचे बाळंतपण हे सर्व तिथेच झाले. त्यामुळे हे परीक्षण अगदी त्रयस्थाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही जे लिहितो आहे ते केवळ आपुलकीपोटी लिहीत नाही. या रुग्णालयात जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे नीट सांगणारे मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. कस्तुरबा रुग्णालय सरकारी नाही. विदर्भातली बरीच माणसे त्याला सरकारी समजून जातात आणि खिडकीवर पैसे भरण्याची वेळ आली की गोंधळतात. हे रुग्णालय आणि त्याला जोडलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था कस्तुरबा हेल्थ सोसायटी नावाचा न्यास चालवतो. आवर्ती खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकार, चौथा हिस्सा महाराष्ट्र सरकार आणि उरलेला चौथा हिस्सा सोसायटी उचलते, अशी ही व्यवस्था आहे. म्हणूनच इथले दर खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी असले, तरी सारे काही फुकट मिळेल असे समजून जाऊ नये. हा शेवटचा चौथा हिस्सा उभा करणे हे सोपे काम नव्हे, आणि रुग्णालयाच्या काटकसरी वळणाचे एक कारण त्यातही असावे.

ही काटकसर मात्र केवळ तिजोरीतून आलेली नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. जमनालाल बजाजांची इथे जमीन होती. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गंमत अशी की, ज्या माणसाने १९०९ मध्ये डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर कडक टीका केली होती, त्याच्याच आश्रमाच्या दारात पुढे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. अर्थात, त्याच गांधींनी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रियाही करून घेतली होती. त्यामुळे त्यांचा आक्षेप औषधापेक्षा औषधाच्या व्यापारावर होता, असे मानायला जागा आहे. सेवाग्रामला असताना ते स्वतःही रुग्णसेवा करत. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांच्या अंगाला गांधी स्वतः मालिश करीत, ही हकिकत वर्ध्यात आजही सांगितली जाते.

दवाखान्याची खरी सुरुवात मात्र डॉ. सुशीला नय्यर यांच्यापासून होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकलेली ही तरुण डॉक्टर, गांधींचे सचिव प्यारेलाल यांची बहीण, १९३९ मध्ये सेवाग्रामला आली आणि लवकरच वर्ध्याच्या परिसरात पटकीची साथ सुरू झाली. त्या साथीत तिने जवळजवळ एकटीने काम केले. पुढे १९४२ मध्ये गांधी आणि कस्तुरबांबरोबर तीही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच वारल्या. सुटकेनंतर सेवाग्रामच्या पाहुण्यांसाठी बिर्लांनी बांधलेल्या घरात स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू झाला आणि त्याला कस्तुरबांचे नाव दिले गेले. गांधींनी स्वतः सुरू केलेला दवाखाना म्हणून याचा उल्लेख होतो, तो या १५ खाटांचा. आज खाटांची संख्या हजाराच्या घरात आहे.

सुशीलाताईंचे पुढचे आयुष्य राजकारणातही गेले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्या परतल्या, आधी दिल्लीच्या आणि मग १९६२ ते १९६७ या काळात केंद्राच्या आरोग्यमंत्री झाल्या. याच काळात, १९६४ मध्ये, कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात जात नसेल, तर त्याला खेड्यातच शिकवावे, असा त्यामागचा सरळ हिशोब होता. देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा मान त्याला मिळाला. सुशीलाताई २००१ मध्ये वारल्या, पण त्यांची शिस्त, किंवा काहींच्या मते त्यांचा हट्ट, अजून परिसरात जाणवतो. खादी, शाकाहार, दारू-तंबाखूला बंदी, सर्वधर्म प्रार्थना आणि श्रमदान ही आचारसंहिता इथल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाबरोबरच मिळते. महाविद्यालयात आलेली प्रत्येक तुकडी पहिले काही दिवस गांधी आश्रमात शिबिरासाठी राहते. सूत कातणे, झाडलोट, प्रार्थना यांची ओळख शवविच्छेदनाच्या टेबलापेक्षा आधी होते.

वाचकाला वाटेल की रुग्णालयाच्या परीक्षणात ही खादीची चर्चा कशाला. माझ्या मते इथल्या सेवेचे बरे-वाईट समजून घ्यायला तीच उपयोगी पडते. एकदा मेडिसिनच्या वॉर्डात सकाळच्या राउंडच्या वेळी मला वडिलांच्या खाटेजवळ बसू दिले होते. निवासी डॉक्टर केसपेपरवरून वाचत होता: वय, धाप, छातीतली घरघर, आदल्या दिवशीचे रिपोर्ट, आणि पुढे मागवलेल्या तपासण्यांची यादी. पिकलेल्या केसांच्या प्राध्यापकांनी त्याला मध्येच थांबवले आणि विचारले, ‘या सीटी स्कॅनमध्ये जे दिसेल त्याने तुझा उपचार बदलणार आहे का?’ तो क्षणभर घुटमळला. त्यांनी पुन्हा वडिलांच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, मागे उभ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना ऐकायला लावले, आणि यादीतल्या त्या ओळीवर पेनाने रेघ मारली. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलीने आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतले. वडिलांना या सगळ्यात काय चालले आहे ते कळले नाही. मला मात्र स्पष्ट कळले, कारण काही काळापूर्वी नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात याच तक्रारीसाठी आम्ही तपासण्यांची लांबलचक यादी मुकाट्याने भरली होती आणि त्यातल्या अर्ध्याअधिक तपासण्या कशासाठी केल्या, हे आम्हाला शेवटपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

शिकवणाऱ्या रुग्णालयाचा हा फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक निर्णयाचे कारण विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने सांगावे लागते, म्हणून तो निर्णय निदान सांगण्यासारखा असावा लागतो. याची दुसरी बाजूही आहे. एकच गोष्ट रुग्णाला इंटर्न विचारतो, मग निवासी डॉक्टर विचारतो, मग व्याख्याता, आणि परीक्षेचे दिवस असतील तर एखादा घाबरलेला विद्यार्थीही पोट चाचपून जातो. ज्याला हे रुचत नाही त्याने शिकवणाऱ्या कोणत्याही रुग्णालयात जाऊ नये. आमच्या आत्याला मात्र हे आवडत असे. आयुष्यात एवढ्या माणसांनी तिची विचारपूस कधी केली नव्हती, असे ती म्हणायची. बाकी, महाराष्ट्राबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची मराठी पहिल्या वर्षी कच्ची असते आणि समोरची आजी अस्सल वऱ्हाडी बोलत असते, तेव्हा ‘पोटात गुबारा धरला’ याचा अर्थ शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हिंदीत समजावून सांगावा लागतो.

आता पैशांविषयी, कारण बहुतेक जण इथे त्यासाठीच येतात. परिसरात सोसायटीची स्वतःची औषधांची दुकाने आहेत आणि तिथे मुख्यतः जेनेरिक औषधे मिळतात. या बदलाचा आग्रह धरणाऱ्यांत रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक राहिलेले डॉ. एस. पी. कलंत्री यांचे नाव घ्यावेच लागेल. औषध कंपन्यांच्या पैशांपासून आणि प्रायोजकत्वापासून डॉक्टरांनी दूर राहावे, ही भूमिका त्यांनी जाहीरपणे आणि सातत्याने मांडली आहे. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ फार साधा आहे. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे नाव असते, आणि खिडकीवर मिळणाऱ्या पाकिटावर रंगीबेरंगी सजावट नसते. आमच्या शेजारच्या गृहस्थांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. ते महिन्याची औषधे नेण्यासाठी एसटीने येतात. गावातल्या दुकानात तीच औषधे घेण्यापेक्षा एसटीचे भाडे धरूनही इथे स्वस्त पडते, असा त्यांचा हिशोब आहे, आणि ते निवृत्त तलाठी असल्यामुळे त्यांच्या हिशोबावर मी विश्वास ठेवतो. स्वस्त म्हणजे हलक्या प्रतीचे, ही समजूत इथल्या रुग्णांमध्येही आहे. ‘साधी गोळी दिली, गुण येईल का?’ असे विचारणारे नातेवाईक औषधाच्या खिडकीपाशी हमखास भेटतात. त्यांना उत्तर देण्याचे काम खिडकीमागच्या मुलांवर सोडण्याऐवजी एखादी पाटी किंवा पत्रक मराठीत तयार केले तर बरे होईल.

याखेरीज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अनेक शस्त्रक्रिया आणि उपचार होतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर हवे. हे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण योजनेच्या खिडकीपाशी अडलेल्या माणसांपैकी बहुतेक जण मूळ रेशनकार्ड घरी ठेवून आलेले असतात, किंवा आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे अशा कात्रीत सापडलेले असतात. भरती होण्याच्या दिवशीच कागद दाखवावेत. सुट्टी व्हायच्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही.

पैशांच्या बाबतीत सेवाग्रामने केलेला सर्वांत कल्पक प्रयोग मात्र सरकारी योजनांच्या कितीतरी आधीचा आहे. मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी साधारण १९८०च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले, तेव्हा आजारपणाच्या वेळी गावकऱ्याच्या हातात पैसा नसतो, पण सुगीच्या वेळी घरात धान्य असते, ही साधी गोष्ट त्यांनी पकडली. ज्वारीचे पीक निघाले की प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. त्या बदल्यात गावाला आरोग्यसेवक, औषधे आणि रुग्णालयात सवलतीने उपचार. अचानक ओढवलेल्या आजाराला एक नियम, आणि आधी ठाऊक असलेल्या बाळंतपण, हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या गोष्टींना दुसरा, अशी त्यातली विभागणीही विचारपूर्वक केलेली होती: जे टाळता किंवा आधी ठरवता येते, त्याचा काही वाटा कुटुंबाने उचलायचा. गावातली मोजकी घरे येऊन चालत नसे, बहुतेक गाव एकत्र यावे लागे. आज आरोग्य विम्याच्या जाहिराती बघताना मला या ज्वारीची आठवण होते. विम्याची पॉलिसी वाचून न कळणाऱ्या माणसाला पायलीचा हिशोब मात्र बरोबर कळत होता. आता ज्वारीचा पेरा घटला, शेतात कापूस-सोयाबीन आले, त्यामुळे धान्याचा हिशोब पूर्वीसारखा चालणे अवघडच; पण त्यामागची कल्पना कालबाह्य झाली असे मला वाटत नाही.

या भागाचे आजार वेगळे आहेत, आणि रुग्णालयाची खरी परीक्षा त्यांच्यावरच होते. पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्याकडे आहेत. त्यातली मण्यार सर्वांत फसवी असते: रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, वेदनाही फारशा होत नाहीत, आणि पहाटे पापण्या जड होऊन पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाची सोय हाताशी असणारा दवाखाना लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी सहसा नसतो. दुसरा मोसमी आजार फवारणीचा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. इथल्या डॉक्टरांना मात्र कीटकनाशकाची विषबाधा नवी नाही, मग ती फवारताना झालेली असो किंवा निराशेच्या भरात मुद्दाम पोटात घेतलेली असो. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना पोलिसी कागदपत्रांची धास्ती असते; ती मनात ठेवून वाटेतल्या लहान दवाखान्यांत वेळ घालवण्यापेक्षा थेट मोठ्या रुग्णालयात आणावे, एवढे या निमित्ताने सांगावेसे वाटते.

तिसरा आजार सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या आदिवासी आणि काही दलित समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि सांधे दुखतात, सारखे रक्त कमी होते, कावीळ येते, एवढ्यावर वर्षे काढलेली मुले शेवटी मोठ्या रुग्णालयात येऊन निदान घेऊन जातात. हत्तीरोगही या पट्ट्यात पूर्वापार आहे. रुग्णालयाला जोडून असलेल्या जमनालाल बजाज यांच्या नावाच्या उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात हत्तीरोग आणि क्षयरोगाच्या निदानावर अनेक वर्षे काम झाले. ज्या खेड्यातला आजार त्याच खेड्याच्या शेजारी त्याचे संशोधन, हे महाविद्यालय गावात नेण्याचे एक चांगले फळ म्हणता येईल.

नेत्रविभागाबद्दल घरचा अनुभव असल्याने थोडे अधिक लिहितो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला येणारे बहुसंख्य रुग्ण गावांतून एकत्र येतात. आत्या गेली तेव्हा तिच्याबरोबर ओसरीवर बसलेल्या बायका एकाच गावच्या होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया ते दाखवणारी चिकटपट्टी होती, आणि त्या एकमेकींची पट्टी बरोबर बाजूला आहे ना हे स्वतःच तपासत होत्या. सिस्टरांनी नावाने हाक मारली की आधी नाव, मग गाव, मग डोळा असे तिन्ही विचारून मगच आत नेत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आत्याने पहिली तक्रार केली ती माझ्या शर्टाच्या कॉलरविषयी. प्रसूतिविभाग हा या रुग्णालयाचा मूळ गाभा आहे, कारण ते पहिले १५ खाटांचे घर स्त्रिया आणि मुलांसाठीच होते. भाचीच्या वेळी नैसर्गिक बाळंतपणासाठी डॉक्टरांनी धीर धरला, आम्ही नातेवाइकांनी मात्र धरला नाही. ‘सिझर करून मोकळे करा’ असा आमचा घोशा चालला होता आणि तो त्यांनी शांतपणे बाजूला ठेवला.

शिक्षणाचा भाग रुग्णालयाच्या आवारात संपत नाही, याची नोंद केली पाहिजे. प्रत्येक तुकडी जवळचे एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तिथे मुक्कामाचे शिबिर होते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबे येतात, ज्यांच्या घरी त्याने पुढेही जात राहायचे असते. आंजी येथे ग्रामीण प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मेळघाटात धारणी तालुक्यातल्या उतावली येथे डॉ. सुशीला नय्यर यांच्या नावाचे रुग्णालय संस्थेने उभे केले आहे. मेळघाटची बालमृत्यूंची बातमी दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते. तिथे बाराही महिने डॉक्टर ठेवून दाखवणे हे बातमीपेक्षा अवघड काम आहे.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे वेळ. संगणकीकृत नोंदणी इथे अनेक खासगी रुग्णालयांच्या आधी आली; सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने बसवलेल्या प्रणालीमुळे जुना क्रमांक सांगितला की मागचे रिपोर्ट डॉक्टरांना पडद्यावर दिसतात, आणि पिवळ्या पडलेल्या कागदांची पिशवी सांभाळण्यातून रुग्ण सुटतो. परंतु गर्दी संगणकाने कमी होत नाही. दूरवरून येणारी माणसे आणि मर्यादित मनुष्यबळ यांचे गणित बघता, ओपीडीत दाखवणे, रक्त देणे, रिपोर्ट येणे आणि पुन्हा डॉक्टरांना भेटणे यांत अख्खा दिवस जाईल असे धरूनच निघावे. ज्याची रोजची मजुरी बुडते त्याच्यासाठी हा दिवसही बिलाचाच भाग असतो, आणि कमी दरांचे कौतुक करताना आपण तो मोजत नाही.

दुसरी गोष्ट अतिविशेष उपचारांची. कर्करोगावर किरणोपचार, डायलिसिस, अतिदक्षता विभाग, नवजात बालकांचा विभाग अशा सोयी इथे आहेत, आणि सामान्य शस्त्रक्रिया, अस्थिरोग, मेडिसिन, स्त्रीरोग या मूळ विभागांवर डोळे झाकून विसंबावे. मात्र दुर्मीळ आणि गुंतागुंतीच्या आजारांत नागपूरच्या मोठ्या केंद्रांची जागा सेवाग्राम घेऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. वर्ध्यासारख्या ठिकाणी अतिविशेष तज्ज्ञ येऊन टिकणे अवघड असते. मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, खासगी व्यवसायाचा मोह या सगळ्यांशी संस्थेला स्पर्धा करावी लागते.

तिसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. पूर्वी इथल्या एमबीबीएस प्रवेशासाठी संस्थेची स्वतःची परीक्षा असे, आणि तिच्यात गांधीविचारांवर वेगळी प्रश्नपत्रिका असे. बरेच विद्यार्थी ती पाठांतर करूनच देत, हे खरे. तरीही आपण कुठे चाललो आहोत, हे त्यांना निदान माहीत असे. आता प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. देशभरासाठी एकच परीक्षा असण्याचे फायदे मला मान्य आहेत, पण १०० जागांपैकी किती जण सेवाग्राम हवे म्हणून आले आणि किती जण गुणांच्या यादीत ते समोर आले म्हणून, हा फरक पुढच्या काही वर्षांत वॉर्डात दिसेल, अशी मला शंका आहे. खादी अंगावर घालायला लावता येते. अनावश्यक तपासणीवर रेघ मारण्याची सवय तशी सक्तीने लावता येत नाही, ती मोठ्यांना बघून लागते. पिकलेल्या केसांचे ते प्राध्यापक निवृत्त होतील, तेव्हा त्यांच्या जागी कोण उभे असेल यावर या दवाखान्याची किंमत ठरेल.

कोणी जावे, तर दीर्घकाळच्या आजारासाठी नियमित औषधे लागणाऱ्यांनी, बाळंतपणासाठी, मोतीबिंदूसाठी, हाड मोडले असता, सर्पदंशात किंवा विषबाधेत, आणि दुसरीकडे सांगितलेली मोठी शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे का याबद्दल दुसरे मत हवे असणाऱ्यांनी जरूर जावे. या शेवटच्या कारणासाठी तर मी नागपूरच्या लोकांनाही उलटा प्रवास करायला सांगतो. स्वतंत्र खोली, ठरलेल्या मिनिटाला भेट आणि एकाच डॉक्टराचा चेहरा ज्यांना हवा आहे, त्यांची इथे निराशा होईल.

जाण्यासाठी वर्ध्याहून ऑटो आणि बस मिळतात, अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: मुंबई मार्गावरच्या गाड्या वर्धा जंक्शनला थांबतात, आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या सेवाग्राम स्थानकाला, ही दोन वेगळी स्थानके आहेत आणि सेवाग्राम स्थानकावर उतरले म्हणजे दवाखान्याच्या दारात उतरलो असे होत नाही, तिथूनही ऑटो करावाच लागतो. ओपीडीसाठी सकाळी लवकर पोहोचावे, सोमवार शक्यतो टाळावा, जुना नोंदणी क्रमांक मोबाईलमध्ये टिपून ठेवावा, आणि भरती व्हायची शक्यता असेल तर रुग्णाबरोबर थांबणारा एक धडधाकट माणूस, चादर आणि पाण्याची बाटली न्यावी.